राहून गेलेला ताळा

गजेंद्र बडगुजर ज्या अभियांत्रिकी संस्थेत पीएचडी करतो, तिच्या संकेतस्थळावर त्याचं एक पान आहे. माझ्या भाचीने ते मला मोबाईलवर उघडून दाखवलं. वर फोटो, फोटोत त्याने उसना वाटावा असा कोट घातलेला. खाली इंग्रजीत तीन मथळे होते, संशोधन, अध्यापन आणि छंद. संशोधनाखालच्या सहा ओळींपैकी भाचीने समजावून मला दोन कळल्या. अध्यापनाखाली लिहिलं होतं, पहिल्या वर्षाच्या प्रोग्रामिंगच्या वर्गाला साहाय्यक. छंदाखाली एकच शब्द होता, पतंग.

सुरतच्या उधन्यात आमच्या समाजवाडीत दर रविवारी सकाळी नऊ ते बारा तो पोरांना फुकट शिकवतो, याला चार वर्षं झाली. ते त्या पानावर कुठेच नव्हतं. मी भाचीला विचारलंही, "अजून खाली आहे का काही?"

"नाही गं मावशी, संपलं."

तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. मोठ्या संस्थेत असल्या बारीक गोष्टी लिहीत नसतील, असं म्हणून मी फोन परत दिला.

मी उधन्याच्या पालिका शाळेत मराठी माध्यमाच्या वर्गांना एकतीस वर्षं शिकवलं. पोरं बहुतेक खानदेशातून आलेल्या घरांतली. बाप लूमवर नाहीतर डाइंग मिलमध्ये, आया घरी साड्यांवर खडे चिकटवणाऱ्या. गजेंद्रचे वडील धुडकू पारोळ्याकडचे, त्यांनी आयुष्यभर लूम चालवला. आई सरलाबाई खडे चिकटवायची, अजूनही चिकटवते. गजेंद्रच्या दप्तरातून हमखास एखादा चमकता खडा घरंगळायचा आणि पोरं त्याला 'हिरावाला शेठ' म्हणून चिडवायची. तो चिडायचा नाही. खडा उचलून खिशात टाकायचा, संध्याकाळी आईला परत द्यायचा.

गणितात तो वेगळा होता, आणि उतावळाही. मी फळ्यावर उदाहरण लिहून वळेपर्यंत त्याचं उत्तर तयार असायचं. माझी मात्र वर्गात एक सक्ती होती, ताळ्याची. भागाकार झाला की भाजकाने गुणून, बाकी मिळवून मूळची संख्या परत आणायची. वजाबाकी झाली की बेरीज करून बघायची. आणि हे करताना डावा तळहात मूळ उदाहरणावर झाकून ठेवायचा, म्हणजे डोळा चोरून वर बघत नाही. ताळा नसेल तर उत्तर बरोबर असलं तरी मी अर्धा गुण कापायची. पुष्कळ पोरांना माझा राग यायचा.

"बाई, उत्तर बरोबर आलंय," गजेंद्र म्हणायचा.

"कशावरून?"

"मला माहितीय ना!"

"तुला माहीत असेल, मला नाही. ठेव हात."

तो फुरंगटून हात ठेवायचा. सातवी सुटेपर्यंत त्याचा हात आपोआप जायला लागला होता.

पतंगांचं खूळही तेव्हाचंच. उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, सगळं सुरत गच्चीवर चढतं तसा तोही चढायचा, पण उडवण्यापेक्षा त्याला कटून पडलेल्या पतंगांचं वेड. दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीगल्लीतून ते गोळा करायचा आणि उजेडापुढे धरून बघायचा. "बाई, हा आणि हा एकाच माणसाने बनवलाय," एकदा त्याने मला दाखवलं. "कमान वाकवताना तो डावीकडे जास्त सोलतो. आणि कागदाला खळ कमी लावतो. कंजूष आहे." कागद वेगळा, रंग वेगळा, पण हात तोच. असे चाळीसेक पतंग त्याने पलंगाखाली जपून ठेवले होते. सरलाबाईने एकदा झाडताना दोन फाडले, तर दोन दिवस बोलला नाही तिच्याशी.

पुढे त्याचं संशोधन यातूनच निघालं, असं तो मला सांगायचा. प्रोग्राम लिहिणाऱ्याचाही एक हात असतो म्हणे. हल्ली मुलं दुसऱ्याचा प्रोग्राम उचलतात, नाहीतर मोबाईललाच लिहायला सांगतात. नावं बदलतात, ओळी मागेपुढे करतात. गजेंद्रचं मशीन (तो त्याला मशीन म्हणत नाही, पण मी म्हणते) नावं, रंगरूप सगळं काढून टाकतं आणि नुसता सांगाडा बघतं. मग सांगतं, हे दोन सांगाडे एकाच हातचे. हे सांगताना त्याचे डोळे चौथीतल्यासारखेच चमकायचे. त्यावर तो एक मोठा शोधनिबंध लिहीत होता. तो परदेशातल्या परिषदेत गेला असता, आणि त्याच्याबरोबर गजेंद्रही. धुडकूभाऊंनी पासपोर्टसाठी त्याचे फोटो काढून आणले होते.

संस्थेत पीएचडीच्या मुलांना खालच्या वर्गांना शिकवावं लागतं, वह्या तपासाव्या लागतात. रविवारी मात्र त्याला कोणी बोलावलेलं नव्हतं. समाजवाडीत लग्नाच्या गाद्या एका कोपऱ्यात सरकवून तो फळा टेकवायचा. चार जुने लॅपटॉप आणि पंधरा-वीस पोरं. म्हणून पोरं प्रोग्राम आधी फळ्यावर लिहायची, मग पाळीपाळीने चालवून बघायची. मी कधीकधी मागे जाऊन बसायची. मला काही कळायचं नाही, पण एकदा एका पोराला तो म्हणाला, "उत्तर आलं ना? आता उत्तरावरून मागे जा. मूळ आकडा झाकून ठेव," आणि त्याने स्वतःचा डावा तळहात फळ्यावर ठेवला. मला हसू आलं. आनंदही झाला, खोटं कशाला सांगू.

त्या वर्गात हिलालभाऊंची अश्विनी यायची. हिलालभाऊ सचिन औद्योगिक वसाहतीतल्या एका डाइंग मिलमध्ये रंगाच्या मशीनवर आहेत. त्यांच्या बोटांकडे पाहून त्या आठवड्यात कोणता रंग चालू आहे ते कळतं. अश्विनी बोलायला कमी, कामाला नेटकी. फळा पुसायचा तर कोपऱ्यांपर्यंत पुसणारी. गेल्या वर्षी ती आणि रविवारच्या वर्गातलीच आणखी दोन मुलं, अशी तिघं गजेंद्रच्याच संस्थेत पहिल्या वर्षाला लागली. हिलालभाऊंनी आख्ख्या गल्लीत पेढे वाटले. मला डबल दिले. "एक तुम्हना, एक गजूभाऊंना," म्हणाले.

फेब्रुवारीत एका दुपारी तेच हिलालभाऊ माझ्या दारात उभे राहिले. निळी बोटं, हातात एक लिफाफा. त्यावर निळे ठसे उमटले होते. बऱ्याचदा उघडून मिटलेला दिसत होता.

"बाई, हाई वाचा. काय लिखेल शे ते सांगा. मनी आंडेर अश्विनी सांगस, काही नही. पन काही नही तं कागद काबर उना?"

पत्र इंग्रजीत होतं. प्रोग्रामिंगच्या कामात नक्कल केल्याचं आढळलं, त्या विषयात शून्य गुण, नोंद कागदपत्रांत राहील. पुन्हा घडल्यास काढून टाकू. मी ते मराठीत सांगितलं, जमेल तेवढं मऊ करून. हिलालभाऊ खुर्चीच्या कडेवर बसले होते. खाली बघत म्हणाले, "चोट्टी नही शे ती, बाई." मग जरा वेळाने, "गजूभाऊ तठेच शेतस ना? त्यास्ले इचारा ना. ते सांगतीन साहेबास्ले, पोर कशी शे ते."

मी गजेंद्रला फोन केला. उचलला नाही. संध्याकाळी परत केला, नाही. समाजवाडीतून कळलं की मागचे दोन रविवार वर्ग झालाच नव्हता, सरांची तब्येत बरी नाही म्हणून. मग मीच त्याच्या घरी गेले.

सरलाबाई दाराशी खडे निवडत बसली होती. तिने नुसतं वर बोट दाखवलं. "गच्चीवर शे. आठ दिनपाईन धड जेवेल नही. तुम्हीच बघा, बाई. आम्हले सांगत नही."

गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत तो बसला होता, मांडीवर लॅपटॉप. आजूबाजूला महिन्यापूर्वीचा मांजा अजून पत्र्यांना लोंबत होता. मला बघून तो उठला. नेहमी उठतो तसा नाही. पकडला गेलेला माणूस उठतो तसा.

"हिलालभाऊ आले होते," मी म्हटलं.

"माहितीय."

"पत्र वाचून दाखवलं मी. तू त्या साहेबांना जरा—"

"बाई," तो म्हणाला, "ते पत्र माझ्यामुळे गेलंय."

मग त्याने सांगितलं. मध्येच थांबत, पण काही न लपवता.

पहिल्या वर्षाची एकशेऐंशी मुलं. प्रत्येकाचे दहा प्रोग्राम. तपासायला तोच. त्याने सगळे आपल्या मशीनमधून काढले. मशीनने तीन हजेरी क्रमांक वर काढले, तिघांचा सांगाडा एकसारखा, शंभरात त्र्याण्णव. इतकं स्वच्छ उत्तर त्याला आजवर मिळालं नव्हतं. त्याने त्याच दुपारी तो आलेख आपल्या शोधनिबंधात घातला आणि तीन क्रमांक विभागाकडे पाठवून दिले. त्याच्या मार्गदर्शक मॅडम नेहमी बजावायच्या, मशीनने बोट दाखवलं की प्रोग्राम उघडून स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा, मगच बोलायचं. त्याने उघडले नाहीत.

"का नाही उघडलेस?"

"मला माहितीय, असं वाटलं."

चार दिवसांनी समिती बसली, मॅडमही त्यात होत्या. हा भिंतीशी, लॅपटॉप घेऊन. दार उघडलं आणि तीन पोरं आत आली, पुढे अश्विनी.

"तेव्हासुद्धा मला वाटलं, यांनी खरंच एकमेकांचं बघितलं असेल," तो म्हणाला. "मग एका सरांनी तिचा प्रोग्राम पडद्यावर लावला. सेकंद दिले की तास-मिनिटं काढायची, साधा. वर्गातल्या सगळ्यांनी तास-मिनिटं काढली आणि संपवलं. हिने काढली, आणि मग त्यांच्यावरून परत सेकंद केले. मूळ आकड्याला हात न लावता. जुळलं तरच उत्तर छापलं. दहाच्या दहा प्रोग्राममध्ये तेच. बाकीच्या दोघांचंही तेच. एकशेऐंशीत फक्त या तिघांचं." त्याने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. "हे बघा ना, बाई. ताळा आहे."

मला अक्षरं कळली नाहीत, आकार कळला. वर एक तुकडा, खाली तेवढाच तुकडा उलटा. माझ्या एकतीस वर्षांच्या वह्यांच्या डाव्या समासात हा आकार होता.

"मशीनने हात बरोबर ओळखला होता," तो म्हणाला. "हात माझा होता."

"मग तू सांगितलंस ना तिथे?"

त्याने लॅपटॉप मिटला.

"गजेंद्र?"

"त्या सरांनी तिला गुजरातीत विचारलं, आ कोणे शीखव्युं? तिने माझ्याकडे बघितलं. मी लॅपटॉपमध्ये बघत होतो. मग ती म्हणाली, घरे शीखी. दुसरं काही नाही. मॅडमनी मला विचारलं, तू वर्गाबाहेर ओळखतोस का यांना? मी ना म्हटलं."

खाली रस्त्यावर टेम्पोवाला भोंगा वाजवत होता. मी बराच वेळ त्या टेम्पोकडे बघत राहिले.

तो का 'ना' म्हणाला, ते त्याने वेगळं सांगितलं नाही, पण मला दिसत होतं. ज्या मुलांचे गुण आपल्या हातात, त्यांना बाहेर शिकवत असाल तर आधी सांगायचं असा तिथला नियम. त्याने सांगितलं नव्हतं. सांगायचं तर उधना सांगावं लागलं असतं, समाजवाडी, लग्नाच्या गाद्या, पालिकेची मराठी शाळा. संस्थेत त्याला सगळे जळगावच्या कुठल्या इंग्रजी शाळेतला समजायचे आणि त्याने ते कधी दुरुस्त केलं नव्हतं. आणि शोधनिबंध होता. तो आलेख खोटा ठरला तर उरलेलं काय टिकणार? महिनाअखेर निबंध जायचा होता.

इथे मला माझं एक सांगितलं पाहिजे. मी त्याला लगेच "जा आणि सांग" म्हणाले नाही. मला त्याचा पासपोर्टचा फोटो आठवला. धुडकूभाऊ आठवले. अश्विनी पहिल्याच वर्षाला आहे, परीक्षा परत देता येईल, असंही मनात आलं. हे सगळं मनात घेऊन मी म्हटलं, "बघू."

त्याने माझ्याकडे असं बघितलं की अजून आठवलं तर मला डोकं खाली घालावंसं वाटतं. शिक्षा मिळेल म्हणून आलेल्या पोराला बाईंनी 'जा खेळायला' म्हणावं, आणि त्याने तिथेच उभं राहावं, तसं.

"बाई, तुम्ही अर्धा गुण कापायच्या," तो म्हणाला.

सरलाबाईने वर चहा पाठवला होता. तो निवून गेला. मग मी म्हटलं, "उद्या सकाळी जा. मॅडमना आधी सांग, मग समितीला. आणि त्यानंतर हिलालभाऊंकडे. मी येते बरोबर."

"मॅडमकडे?"

"मॅडमकडे तू एकटा."

मॅडमनी ऐकून घेतलं, ओरडल्या नाहीत. एवढंच विचारलं, "उघडले नव्हतेस?" हा म्हणाला, "नाही." "आणि ओळखत होतास?" "हो." मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाल्या, "त्या मुलीने तुझं नाव घेतलं नाही. आणि तू तिचं घेतलं नाहीस. दोन्ही एकच गोष्ट वाटते का तुला?" हा म्हणाला, "नाही, मॅडम." मग त्यांनी त्याच्यादेखत विभागाला फोन लावला.

समिती परत बसली. तिघांचे प्रोग्राम ओळ न् ओळ वाचले गेले. बारीक पाहिल्यावर प्रत्येकाचं आपापलं निघालं. सारखा होता तो फक्त मागे जाण्याचा रस्ता. शून्य रद्द झालं, नोंद काढली. गजेंद्रला एका सत्रापुरतं शिकवण्यातून आणि तपासण्यातून काढलं. निबंध त्याने स्वतः थांबवला. म्हणजे त्या वर्षीची परिषद गेली. धुडकूभाऊंना त्याने सांगितलं तेव्हा ते फक्त म्हणाले, "फोटो ऱ्हाऊ दे. कामले येतीन."

शुक्रवारी संध्याकाळी आम्ही हिलालभाऊंकडे गेलो. नवं पत्र आदल्या दिवशी पोचलं होतं, पण ते कशामुळे आलं हे घरात कोणाला माहीत नव्हतं. हिलालभाऊंनी आम्हाला बघून गडबडीने खुर्ची पुसली. "बसा, सर, बसा! तुम्हीच काम करं, माले म्हाईत व्हतं. बाईंले म्हन्तं मी, गजूभाऊ सांगतीन." त्या दिवशी बोटं लाल होती.

गजेंद्र खुर्चीवर बसला नाही. तो उभाच राहिला. अश्विनीने पाण्याचे दोन ग्लास आणले, एक मला दिला, दुसरा त्याच्यासमोर धरला. त्याने घेतला नाही, घेता आला नाही त्याला. तिने तो खिडकीत ठेवला आणि भिंतीला टेकली.

मी गजेंद्रला पाचवीनंतर अहिराणी बोलताना ऐकलं नव्हतं. घरीसुद्धा तो मराठीत नाहीतर हिंदीत उत्तर द्यायचा. त्या दिवशी तो अहिराणीत बोलला.

"हिलालभाऊ, पहिला कागद मन्यामुळे उना. पोरेस्नी काहीच करेल नही. मी बघं नही, आनि नाव धाडी दिनं. मंग तठे बशीसन बी मी बोलनू नही."

हिलालभाऊंना कळायला वेळ लागला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली. मला वाटलं, आता हे ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते खाली बसले, खुर्ची मोकळीच राहिली, आणि दोन्ही लाल तळहात गुडघ्यांवर उलटे ठेवले.

"मी तिले मारं, गजूभाऊ," ते म्हणाले. "कागद वाचा त्या दिन. अठरा वरीसनी व्हयनी, कधी हात उचला नव्हता. बाईंकडथून घर उनू आनि मारं. ती सांगे, बाबा, मी करेल नही. मी ऐकं नही."

माझ्याकडून गेले आणि मारलं. मी पत्र जमेल तेवढं मऊ करून सांगितलं होतं, असं मला वाटत होतं.

मग अश्विनी बोलली, मराठीत, अगदी साध्या आवाजात, वर्गात शंका विचारावी तसं.

"सर, तेव्हा तुम्ही लॅपटॉपमध्ये बघत होता ना? मी तुमच्याकडे बघितलं तेव्हा?"

"हो."

"काय होतं त्यात?"

"काही नव्हतं. पडदा बंद होता."

"मला वाटलं, तुम्ही काहीतरी शोधताय," ती म्हणाली. "मला सोडवायला." आणि खिडकीतला ग्लास उचलून आत गेली.

येताना उधना दरवाजाजवळ गर्दीत रिक्षा अडकली, शेजारच्या टेम्पोत साड्यांचे गठ्ठे होते, त्यावर दोन माणसं झोपली होती. तो त्यांच्याकडे बघत होता. माझ्या घराशी मी उतरले तेव्हा म्हणाला, "रविवारी वर्ग घेतो, बाई. कोणी आलं तर."

पहिल्या रविवारी पाच पोरं आली, सगळी लहान. गोष्ट गल्लीत पसरली होती. पोरांचं मला ठाऊक नाही, पण मोठ्यांनी त्याला तोंडावर काही म्हटलं नाही. फक्त 'सर' म्हणायचे ते परत 'गजू' म्हणायला लागले. दुसऱ्या रविवारी नऊ आली. त्याने फळ्यावर तास-मिनिटांचाच प्रोग्राम घेतला, मला वाटतं मुद्दाम. तिसऱ्या रविवारी अश्विनीबरोबर पत्र मिळालेली ती दोन मुलं आली आणि काहीच झालं नाही अशी शेवटच्या गादीवर बसली. अश्विनी आली नाही. मी हिलालभाऊंना विचारलं. म्हणाले, "मी सांगस नही तिले आते काही, बाई. तिनं तिले समजस."

होळी झाली. नंतरच्या रविवारी मी नेहमीसारखी मागे बसले होते. पावणेदहाला दारात चपला काढल्याचा आवाज आला. अश्विनी होती. तिने 'येऊ का' विचारलं नाही, गजेंद्रनेही 'ये' म्हटलं नाही. ती भिंतीशी बसली. तो एका लहान पोराच्या उदाहरणावर बोलत होता. बोलता बोलता एक वाक्य त्याने दोनदा म्हटलं.

अकराच्या सुमारास त्याने एक अवघड प्रोग्राम दिला. तारीख दिली की तो वर्षातला कितवा दिवस ते काढायचं. लहानांना जमेना. मोठ्या दोघांनी माना खाली घातल्या. थोड्या वेळाने अश्विनी उठली, खडू घेतला आणि लिहायला लागली. ती लिहिते तेव्हा फळा भरत जातो, खाडाखोड नसते. शेवटची ओळ लिहिली, उत्तर छापायची. खडू ठेवला, हात झटकले.

गजेंद्र बघत राहिला. मीही. खालचा तुकडा नव्हता. मागे जाणारा रस्ता नव्हता.

"अश्विनी," तो म्हणाला, "अजून—" आणि थांबला.

"मी आता ते टाकत नाही, सर," ती म्हणाली. "तिकडेही नाही. सगळ्यातून काढलं. परत सापडायला नको."

समोरच्या लहान पोराने विचारलं, "काय काढलं, ताई?"

गजेंद्रच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मी त्याच्या चौथीपासून आजवर पाहिलं नव्हतं. माझ्या तोंडाशी आलं होतं, अगं, तो तर टाकलाच पाहिजे. मी गिळलं. ते सांगायचा हक्क त्या खोलीत कोणाला होता?

गजेंद्र म्हणाला, "नको टाकूस. गुण कोणी कापणार नाही."

ती जागेवर जायला निघाली होती. दोन पावलांवर वळली. त्याच्याकडे सरळ बघितलं. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच, असं मला वाटतं. मग फळ्याच्या कडेवरचा खडू उचलून त्याच्यापुढे धरला.

"उत्तर मी काढलंय," ती म्हणाली. "ताळा तुम्ही करा."

लहान पोरं खुदकन हसली, सरांना उदाहरण मिळालं म्हणून. गजेंद्रने खडू घेतला. फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात मूळ तारीख होती, तिच्यावर त्याने डावा तळहात ठेवला, आणि तिच्या शेवटच्या ओळीखालून, सगळ्यांसमोर, एकेक पायरी मोठ्याने म्हणत मागे यायला लागला. अश्विनी बसली नाही. हाताची घडी घालून, प्रत्येक पायरी तपासत, त्याच्या शेजारी उभी राहिली.